मूठभर तांदूळ

युरोपच्या सहलीत आमच्या गटात पळसदरीकडची एक म्हातारी होती. मुलांनी तिकीट काढून तिला एकटीलाच पाठवलेलं. मी कर्जतची, म्हणून बसमध्ये ती माझ्याच शेजारी बसायची.

त्या दिवशी तीन जुनी चर्च आणि एक संग्रहालय बघायचं होतं. प्रत्येक चर्चमध्ये ती कमरेची पिशवी सोडून मेणबत्त्यांपाशी घरच्या तांदळाची मूठ ठेवायची. "देवाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये," म्हणायची.

संग्रहालयात मेरीची लाकडी मूर्ती दिसली, तर तिच्याही पायाशी तिनं तांदूळ ठेवले. पहारेकऱ्यानं ते गोळा करून तिच्या ओंजळीत परत दिले. ही मूर्ती फक्त बघायला ठेवलीय, हे मीच शहाणपणानं तिला समजावलं.

ती मूर्तीकडे बघत राहिली. "म्हंजे हिच्याकडं आता कोन काय मागत नाय? माझ्यासारखंच झालं गं. सुना म्हंतात, आई, तुमी नुसत्या बसा."

परतताना विमानतळावर तिनं पिशवी उघडून दाखवली. एक मूठ उरली होती. "ही आता घरी परत न्यायची," ती म्हणाली. मी नुसती मान डोलावली.

ती मूठ मी मागायला हवी होती, हे कर्जतला घरी भाताचे तांदूळ धुताना कळलं.