नसीमआपा आणि आठवं गाणं

नसीमआपांना एखादी गोष्ट आवडली का, हे त्याच दिवशी विचारण्यात अर्थ नसायचा. समोरच्या घरात नवे भाडेकरू आले, गल्लीच्या तोंडाशी नवी बेकरी निघाली, मी पहिल्यांदा त्यांच्याकडे खोली बघायला आले, सगळ्यांना एकच उत्तर. "आज काय सांगू? सात दिवस जाऊ दे, मंग बघू." बेकरीची खारी आठव्या दिवशी पास झाली. भाडेकरू नापास झाले, पण त्यांना ते कधीच कळलं नाही, कारण आपा त्यांच्याकडे ईदला शीरखुर्मा पाठवतच राहिल्या. माझं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी बाहेरच्या दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली, एवढंच.

ही सवय त्यांना नोकरीने लावली होती. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या अठ्ठावीस वर्षं बियाण्याची उगवण तपासत होत्या. शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि ती उबदार कपाटात ठेवायची. मक्याला सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी एकदा उघडून बघायचं, सातव्या दिवशी शेवटचं मोजायचं. एरवी कोणी कितीही घाई केली तरी कपाटाला हात लावायचा नाही. त्या म्हणायच्या, "दिसायला सगळाच दाणा चांगला असतो बेटा. वरून औषधाचा लाल रंग लावला की सगळेच नवरदेव. पाण्यात घातल्यावर कळतं कोण काय आहे."

मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादची, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं हे घरी विचारायची सोय नव्हती. वर्गात मी फारशी बोलत नसे. बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. रॅप मात्र पुष्कळ ऐकायचे. भावाच्या मोबाईलवरून तो नाद लागला होता.

त्या वर्षी एका मोठ्या रॅपरची मिक्सटेप आली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या चाहत्यांशी माझं एकदा वाजलेलं आहे. मिक्सटेप म्हणजे अल्बमएवढा थाट न करता काढलेला गाण्यांचा गठ्ठा. यात बारा गाणी होती आणि वर्गातली पोरं दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हती. त्याच आठवड्यात मराठीच्या मॅडमनी वार्षिकांकासाठी परीक्षणं मागितली. पुस्तक, नाटक, गाणी, काहीही चालेल, दहा दिवसांत द्या. मी हात वर केला. का केला, ते अजून मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कोणाचं नाव छापून यायचं ते फक्त लग्नपत्रिकेत, तेही 'आपले नम्र'च्या खाली आठव्या-नवव्या जागी. परीक्षण छापून आलं असतं तर त्याखाली माझं एकटीचं नाव असतं.

त्याच संध्याकाळी मी दोन पानं लिहून काढली आणि मेथी निवडत बसलेल्या आपांना वाचून दाखवली. अप्रतिम होतं, जबरदस्त होतं, काळजाला भिडणारं होतं, शेवटी तरुणाईचा आवाजही होता. आपांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि गाणी कधी ऐकलीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुपारी.

"दुपारी ऐकलं, संध्याकाळी लिहून मोकळी? आणि हे शब्द तुझे का?"

माझे नव्हते. गाण्यांखाली लोकांनी जे लिहिलं होतं, त्यातलेच मी वेचले होते. खेड्यातून आलेल्या मुलीला रॅपमधलं काय कळणार, ज्यांना कळतं त्यांचं घ्यावं, असं मला वाटायचं. आपांना मी तसं सांगूनही टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाणा कोणत्या गावचा, हे ओला कागद विचारत न्हाई. चल, लाव तुझी बारा गाणी."

नियम त्यांनीच ठरवले. सगळी गाणी एकदाच ऐकायची, मग सात दिवस बंद. जे गाणं न बोलावता तोंडात येईल ते उगवलं. ज्याची नुसती एखादी ओळ येईल, त्याला मुळी फुटली पण कोंब आला नाही. जे येणारच नाही ते गेलं. वहीत रोज लिहायचं. एकटीचा निकाल बराबर नसतो म्हणून त्याही ऐकायला बसल्या, चष्मा लावून. पहिल्याच गाण्यात रॅपर एका दमात इतकं बोलतो की ऐकणाऱ्याला धाप लागते. तिथे आपांनी मेथी खाली ठेवली. "ह्या पोराला मोंढ्यातल्या लिलावात उभा करा. बाकीचे व्यापारी तोंड उघडेपर्यंत माल घेऊन घरी गेलेला असेल." शिवी आली की त्या 'तोबा' म्हणायच्या आणि मला आवाज कमी करायला सांगायच्या. बंद करायला मात्र एकदाही सांगितलं नाही.

माझे इअरफोन सात दिवस त्यांच्या लोखंडी कपाटात होते. दुसऱ्या दिवशी नळावर बादली भरताना तिसरं गाणं माझ्या तोंडात आलं. एक पोरगा स्कूटीवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो, पाठीवरच्या पिशवीतला वास त्याला दिवसभर येतो आणि हेल्मेटच्या आत तो स्वतःशी भांडतो, असं ते गाणं. चौथ्या दिवशी नववं आलं, क्लासवाल्या सरांची नक्कल करणारं. ते आठवून मी रिक्षात एकटीच हसले. रॅपरने स्वतः बघितलेलं जग जिथे होतं, तिथली गाणी उगवली होती. घड्याळ, गाडी, जळणारे दुश्मन, यांची पाच गाणी होती. त्या पाचांत ढोलाचा ठेका एकच आणि पाहुणे रॅपर तेवढे वेगळे. त्यातलं एकही आलं नाही. फक्त गाडीच्या गाण्याची एक ओळ येऊन जायची. तीही माझ्या तोंडी नाही. आपा पोळ्या लाटताना ती गुणगुणत होत्या, ते मी जिन्यावरून ऐकलं. मी खाली आल्यावर त्यांनी घाईने खाकरून घेतलं.

अडचण आठव्या गाण्याची झाली. ते आईवरचं गाणं होतं. सारंगीसारखं काहीतरी वाजतं, मागे पावसाचा आवाज, आणि आई दारात उभी राहून वाट बघते. माझ्या वहीत ते सात दिवसांत एकदाही नव्हतं. आपांच्या यादीत ते रोज होतं. त्यांचा मुलगा इम्रान हैदराबादला एसी दुरुस्तीचं काम करतो. रविवारी त्याचा फोन आला की आपा 'तब्येत एकदम फर्स्ट क्लास' म्हणायच्या आणि फोन ठेवून गुडघ्याला तेल लावायला घ्यायच्या. बियाण्यात कधी खोटं न बोलणारी ही बाई मुलाशी दर रविवारी खोटं बोलायची.

मी त्यांना भीतभीत सांगितलं की हे गाणं मला पोकळ वाटतं. तिसऱ्या गाण्यातल्या पोराची पिशवीसुद्धा आपल्याला दिसते, पण या आईचं काहीच दिसत नाही. ती काय काम करते, कशावर चिडते, काही कळत नाही. ती कोणाचीही आई असू शकते.

"म्हणूनच तर माझी गोष्ट वाटते," आपा म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी नवीन परीक्षण लिहिलं. श्वास, वेग, विनोद आणि डोळ्यांनी बघितलेलं लिहिणं, ही त्या रॅपरची ताकद. नुसती भरीला घातलेली गाणी, उसना थाट आणि सगळीकडे तोच ठेका, ही त्याची कमजोरी. सगळे शब्द माझे होते. फक्त आठव्या गाण्याचा परिच्छेद मी काढून टाकला. आपांनी दोनदा वाचायला लावलं. मग बोटांवर मोजलं.

"आठवं कुठंय?"

मी म्हटलं, जागा कमी पडली.

"तू माझ्यासाठी काढलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला तो चढलेल्यापेक्षा जास्त लागला. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पेरणीच्या तोंडावर एका मालाची उगवण कमी आली होती. विक्रीचे एक साहेब प्रयोगशाळेत येऊन बसले. नुसती मुळी आलेले दाणेसुद्धा उगवले म्हणून मोजा, एवढंच त्यांचं म्हणणं. आपांनी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली आणि सांगितलं, मोजा तुम्ही, आणि खाली सही पण तुम्हीच करा. साहेबांनी चहा घेतला आणि गेले.

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. माल थांबला. साहेब चार महिने बोलला न्हाई. पाचव्या महिन्यात पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला." त्यांनी माझी पानं माझ्याकडे सरकवली. "तुझ्याकडे गाणं गेलं, माझ्याकडे उगवलं. दोघींचं वेगळं आलं तर निकालाच्या दोन चिठ्ठ्या लागतात. एक फाडून न्हाई टाकायची. लिही."

मी परिच्छेद परत घातला. मॅडमनी परीक्षण वर्गात वाचायला लावलं. आठव्या गाण्यापाशी आल्यावर मागच्या बाकावरचा अनिकेत म्हणाला की हिला रॅपमधलं काय कळतं. दोन वर्षं मी ज्या वाक्याला घाबरून होते, ते हेच. मी उत्तर मनात एकदाच म्हणून बघितलं. "मी बारा गाणी ऐकली, सात दिवस थांबले, जे राहिलं ते लिहिलं. तू यातलं कोणतं गाणं पूर्ण म्हणून दाखवतोस?" त्याने गाडीचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर तीच ओळ परत म्हटली. तिसऱ्यांदाही तीच. पोरं हसली, तोही हसला. तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, नाव टाकायचं की 'एक विद्यार्थिनी' चालेल, उगाच मुलं त्रास देतील. मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

अंक आला तेव्हा आपा नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि इम्रान त्यांना हैदराबादला न्यायला आला होता. गुडघ्याचं त्याला कळलं होतं. ते मीच सांगितलं होतं आणि त्याबद्दल आपा माझ्यावर दोन दिवस रागावल्या होत्या. स्टेशनवर मी त्यांना अंक दिला. डब्यात खिडकीशी बसून त्यांनी माझं परीक्षण शांतपणे वाचलं, आठव्या गाण्यापाशी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "लिहिलंस बराबर. पण तुला ते गाणं अजून कळलं न्हाई."

मग मला त्यांनी खिडकीतून ते गाणं लावायला सांगितलं. समोरच्या बाकावर दोन अनोळखी बायका होत्या, परतूरला निघालेल्या. आपांनी त्यांना ऐकायला लावलं. पावसाचा आवाज आला, सारंगी आली, आई दारात येऊन उभी राहिली. त्यातली एक बाई पदराने डोळे पुसू लागली. आपांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सगळा जालना जिल्हा त्यांच्या बाजूने झाला.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत होते. काय बोलायचं ते या वेळी मनात म्हणून बघायला वेळ नव्हता.

"आपा, दोन बायांवर निकाल लावता का?"

त्या मोठ्याने हसल्या, इम्रानला काहीतरी सांगू लागल्या आणि माझ्याकडे बोट दाखवत राहिल्या. मला ते गाणं अजूनही आवडत नाही. दर रविवारी मी त्यांना फोन करते आणि आम्ही त्यावरून भांडतो.