विमल भांडण अर्धं टाकून गेली

विमल गेली त्याला दोन महिने होऊन गेले. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली? काय म्हणणार! ऑक्सिजनची नळी बाजूला सारून बायको मला म्हणाली, "सलोनीचा फॉर्म भरला काय?" मी म्हटलं, "तू घरी ये, मग बघू." तर म्हणाली, "बघू नका. बी.ए. लिहा." मी उलट बोलणारच होतो, तेवढ्यात नर्सनं मला बाहेर काढलं... आणि दुपारी मिलिंद, आमचा मुलगा, चहाच्या टपरीवर मला सांगायला आला. माझं उत्तर तोंडातच राहिलं.

सलोनी म्हणजे मिलिंदची पोरगी. यंदा बारावी झाली. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आमच्या घरात उन्हाळाभर हा एकच विषय. मी सातवी शिकलेला माणूस, भंडाऱ्याकडून लखनौला आलो तो सरकारी कारखान्यात लेथ चालवायला. माझं म्हणणं सरळ होतं. अमौसीला विमानतळ आहे, तिथल्या कामाचा तीन वर्षांचा कोर्स जवळच शिकवतात, पोरीनं तो करावा. हातात एक पक्कं काम असावं. बी.ए.त काय असतं? थोडा इतिहास, थोडं हिंदी, थोडं अर्थशास्त्र. ताटात सगळं चिमूट चिमूट, पोट कशानंच भरत नाही.

विमल दहावी पास. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे, हे तिनं मला कधी विसरू दिलं नाही. ती म्हणायची, "सतराव्या वर्षी पोरीला काय ठाऊक, जन्मभर काय करायचं ते? आधी चार गोष्टी बघू द्या तिला." मी म्हटलं, "बघायला काय मेळ्यात चालली आहे ती?" तेव्हा सलोनीदेखत बोलली, "तुम्हाला एकच मशीन येत होती. कॉम्प्युटरवाल्या मशिनी आल्या, मग नऊ वर्षं स्टोअरच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना पाने-हातोडे वाटलेत. डबा मी भरत होते. तुम्ही संध्याकाळी कसे परत यायचे, ते मला विचारा."

खरं होतं. म्हणूनच चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तिला दम लागला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. आता सांगा, हे चार दिवस मी कुणाकडे मागू? राग तरी कुणावर काढू?

विमलच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे नागपूरच्या गाडीला बसले आणि फॉर्मची शेवटची तारीख आली. मिलिंद म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं." सूनही तेच म्हणाली. सलोनीनं विमानतळाचा कोर्स भरून फोन माझ्यापुढे धरला. "आबाजी, देख लीजिए. ठीक है ना?" मला असा संताप आला! उन्हाळाभर मला जे हवं होतं ते समोर होतं, आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. बायको मेलेल्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून पोरगी कोर्स निवडते काय?

"भांड माझ्याशी," मी ओरडलो. ती दचकली. "किस बात पे?" "आजी बोलायची तसं बोल." पोरगी रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "मुझे सच में नहीं पता आबाजी, क्या करना है. आजी को बताया था. आपको बताती तो आप डाँटते."

म्हणजे विमल आपला हट्ट चालवत नव्हती. पोरीचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगत होती आणि माझी बोलणी आपण खात होती. मला सरळ सांगितलं असतं तर?... मी ऐकलं नसतं. तेही तिला ठाऊक होतं.

बी.ए. भरलं. मला अजून पटलेलं नाही, हे इथं स्वच्छ लिहितो. कॉलेज सुरू झालंय. परवा जेवताना सलोनी सांगत होती, इतिहासाच्या बाई छान शिकवतात, पण तिला मानसशास्त्र जास्त आवडायला लागलंय. मी विचारलं, "त्याचं पुढे काय करणार?" "पता नहीं," म्हणाली आणि खुशाल हसली. मी चिडून, नेहमीसारखं स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "ऐकलंस?"

सून हात पुसत बाहेर आली. "काय बाबा?"

"तुला नाही," मी म्हटलं.