कादंबरीतल्या देवीचा नवस

चौऱ्याऐंशी साली, अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनोत आम्ही नवे असतानाच, नवऱ्याचं हार्टचं ऑपरेशन झालं. शेजारच्या काकूंनी हॉस्पिटलात माझी पोथी आणि वेळ घालवायला एक कादंबरी आणून दिली. मी पारोशी होते, म्हणून पोथीला हात लावला नाही. कादंबरी वाचू लागले. तिच्यात एक बाई डोंगरावरच्या देवीला नवस बोलते आणि तिचा आजारी मुलगा जगतो. तेवढंच पान मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि हात जोडले.

“अगं, ही देवी लेखकानं रचलेली आहे,” काकू म्हणाल्या.

“माहीत आहे,” म्हणत मी तिलाच खण-नारळाचा नवस बोलले.

नवरा बरा झाला. पण तिचं देऊळच नव्हतं; नवस फेडायचा कुठे? जिवाला चैन पडेना. शेवटी काकूंचीच ओटी भरली. नवस पोचला का, ते अजून कळलेलं नाही.