सोळा खिळे, अकरा जर्सी

आमच्या बाटली कारखान्याच्या फुटबॉल टीमच्या कोचला निम्मं गाव दाजी म्हणतं, ते माझ्यामुळे. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी लेफ्ट बॅक खेळायचो. घरी ज्याच्या शेजारी जेवायला बसायचं त्याला मैदानावर सर म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून दाजी. मग सगळेच म्हणू लागले. ज्यांना ते आवडायचे ते प्रेमाने, बाकीचे दातओठ खात.

चौदा वर्षांत त्यांनी नऊ कप आणले. त्याआधी कारखान्याने कॅन्टीनमधल्या कपांशिवाय दुसरा कप पाहिला नव्हता. नोकरी पॅकिंग खात्यात मुकादमाची. बाटलीला केसाएवढी चीर असली तरी त्यांना दिसायची, आणि माणसांकडेही ते त्याच नजरेने बघायचे. समोरची टीम पळणारी असेल, तर पहाटे जाऊन गोलसमोर पाणी मारून चिखल करायचे. एकदा तर चुन्याची रेघ दोन्ही बाजूंनी दोन-दोन पावलं आत घेतली. पाहुण्यांनी बोंबाबोंब केली, रेफ्रीने टेप मागवला, तर टेपच सापडेना. तो दाजींच्या खिशात होता. आई म्हणायची, "जावई म्हणून माणसात खोट नाही. पण मैदानावर त्याचं तोंड बघू नये."

सगळ्यात जास्त शत्रू त्यांनी मिळवले ते खिळ्यांमुळे. कपडे बदलायच्या खोलीत सोळा खिळे होते, प्रत्येकाचा आपापला. सामन्याच्या दिवशी दाजी सर्वांच्या आधी येऊन अकरा जर्सी स्वतः अडकवायचे. ज्याचा खिळा रिकामा, तो बाहेर. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "खिळा बघा."

आमचा राइट विंगचा खेळाडू, सात नंबर म्हणूनच ओळखतात त्याला. त्याची बायको बाळंत झाली म्हणून तो शनिवारी दवाखान्यात होता, सराव चुकला. मुलगी झाली. रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन खोलीत आला तर खिळा रिकामा. पुडा त्याने बाकावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि तो पुन्हा टीममध्ये आला नाही. पुढे कारखानाही सोडून त्याने सलून काढलं. तिथे दाढी चालू असताना कुणी दाजींची स्तुती केली, तर अर्धी दाढी तशीच ठेवून तो बाहेर चहा प्यायला जातो. एकदा मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच्या पुढच्या वर्षी फायनलला माझा खिळा रिकामा होता. साहेब लोक बघायला येणार, महिन्याभरात माझी नोकरीत कायम होण्यासाठी डॉक्टरी तपासणी, आणि मी बाकावर. आम्ही जिंकलो. दोन वर्षं मी बहिणीच्या घराची पायरी चढलो नाही. गावात मात्र दाजींची कॉलर ताठ झाली. त्यांच्या बाजूच्या लोकांना हुकमी पान मिळालं: "अहो, सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही!" खरं सांगतो, मला त्या वाक्याचा तिटकारा आला होता.

आता दाजी नोकरीतूनही निवृत्त झालेत. क्लबला नवी खोली मिळाली, तिच्यात त्यांचा फोटो लावावा की नाही यावर समितीत तीन विरुद्ध तीन झाले. सातवा मी. बैठक संध्याकाळी होती, म्हणून दुपारी बहिणीकडे गेलो. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी वीस वर्षं गिळलेला प्रश्न विचारला: त्या फायनलला मला का बसवलंत?

दाजी शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "गुडघा कसाय?"

"कुठला गुडघा?"

"डावा. फायनलच्या आदल्या दिवशी आमचा जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरलास. साहेबांसमोर लंगडला असतास तर कायम झाला असतास का?"

गुरुवारी सरावात तो गुडघा दुखावला होता. मी कुणाला, अगदी आईलाही, सांगितलं नव्हतं.

"मग मला बोलायचंत तरी!"

"बोललो असतो तर तू खेळतोच म्हणून हट्ट धरला असतास."

"आणि सात नंबरला का बसवलंत?"

"त्याने सराव चुकवला." त्यांनी टरफलं गोळा केली. मग म्हणाले, "तो माझा मेहुणा नव्हता."

बहीण चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "संध्याकाळी तुला पटेल तेच कर," एवढंच ती म्हणाली, आणि तिने कप माझ्या हातात दिला. पण तिला तो फोटो हवा होता. मलाही, तिच्यासाठी, हवा होता.

बैठकीत आमच्या स्टोअरकीपर अध्यक्षांनी नेहमीचं पान टाकलं, "सख्ख्या मेहुण्यालाही न सोडणारा माणूस आहे तो!" आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मला गप्प बसता आलं असतं. समोर सात नंबर बसला होता, जुन्या खेळाडूंतर्फे समितीत आलेला, विरोधातल्या तिघांचा म्होरक्या. मी उठून गुडघा, जिना, तपासणी, सगळं सांगून टाकलं.

अध्यक्षांचं बोट खाली आलं. सात नंबर माझ्याकडे वळला.

"म्हणजे तुझी नोकरी वाचवायला त्याने फायनलमध्ये तुला बसवलं," तो म्हणाला, "आणि माझ्या पोरीसाठी एक शनिवार दिला नाही."

"हो."

"आता मत दे."

मी फोटोच्या बाजूने हात वर केला. नऊ कप समोर कपाटात होते, ते कुणी खोटे म्हणू शकत नव्हतं. पण सात नंबरकडे बघायची मला लाज वाटत होती.

"लावा," तो म्हणाला. "पण खिळे मी ठोकणार."

रविवारी दाजी बहिणीला घेऊन नवी खोली बघायला आले. फोटो छान लागला होता. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणखी एक खिळा होता. त्यावर काहीच नव्हतं.

"हा कशाला?" दाजींनी विचारलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सात नंबर म्हणाला, "खिळा बघा, दाजी."

दाजी बघत राहिले. बहिणीने दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत. शेवटी तिने हाताला धरून त्यांना बाहेर नेलं. आपला फोटो त्यांनी पाहिलाच नाही.