दांड्यावरच्या दोन खुणा

ग्रीसचा वास आला की शिवडीचं ते गॅरेज आठवतं. तिथल्या मिस्त्रींनी माझ्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या पुढच्या दांड्याचा, म्हणजे पुढच्या चाकांकडे इंजिनाची ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, सांधा बदलला होता. त्यांनी जुनाच सांधा पुसून बसवला असेल, या संशयाने मी घरी दांडा उतरवला. सांधा नवाच होता. दांड्याचे सुटलेले दोन भाग मी अंदाजाने जोडले. दुसऱ्या दिवशी पुढून घरघर सुरू झाली, स्टिअरिंग थरथरू लागलं. ट्रक परत नेला तेव्हा मिस्त्री खाली शिरले. “सायब, दांड्याचे दोन भाग नीट जुळावेत म्हणून मी दोन्हींवर मारलेल्या खुणा समोरासमोर नाहीत. मध्ये कोणी खोललं काय?” “नाही,” मी म्हणालो. गॅरेजचा मालक मिस्त्रींवर भडकला, “मग तूच वाकडा बसवलास. डोळे घरी ठेवून येतोस काय रे? उद्यापासून येऊ नको.” मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खुणा जुळवून काम पुरं करूनच ते उठले. ट्रक आजही बिनआवाज चालतो. गॅरेज मात्र मी बदललं.