खर्रा उष्टा नसतो

"मेनिंजायटिस आहे. म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दारात उभी होते. आवरण वगैरे माझ्या डोक्यात शिरेना. मला फक्त पलंगाला बांधलेले माझ्या नवऱ्याचे हात दिसत होते. तो भ्रमात सुया उपटत होता.

आम्ही आरमोरीकडचे. दिलीप धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनवर कामाला जातो. आदल्या संध्याकाळी तो ताप आणि डोकेदुखी घेऊन आला. कोंडा नाकातोंडात गेला असेल म्हणून मी काढा पाजला. सकाळी मान वाकेना आणि पायांवर जांभळे ठिपके उठले. आधी गडचिरोली, तिथून चंद्रपूर. तुमच्या घरी ताप आणि ताठ मान एकत्र दिसली, तर काढ्याच्या नादी लागू नका.

लंबर पंक्चर केलं, म्हणजे कंबरेत मणक्याजवळ सुई घालून पाणी काढलं. त्यात मेनिंगोकोकस नावाचा जंतू निघाला. तो थुंकीतून, खोकल्यातून जवळच्या माणसांना लागतो. "यांचं उष्टं कोणी खाल्लंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. माझ्या सासूबाई दुखावल्याच. "आमच्या घरी कोनी कोनाचं उष्टं खात नाई, बाई."

तरी घरच्या सगळ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दिली, आजार आम्हाला लागू नये म्हणून. मी मुलीला समोर बसवून गोळी गिळायला लावली. मग बाहेरच्या बाकड्यावर बसले, उठले, परत बसले.

दोनेक दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला. यात जंतू वाढवतात आणि कोणतं औषध त्याला मारतं ते बघतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिलीपना चालू असलेलं इंजेक्शन लागू पडतंय. पण तुम्हाला दिलेल्या गोळीला हा जंतू दाद देत नाही. याला रेझिस्टन्स म्हणतात. असे जंतू आता देशोदेशी सापडतायत." एवढी दुनिया फिरून मेल्याला आमचंच घर सापडलं. आम्हा सगळ्यांना नव्याने इंजेक्शनं टोचली.

त्याच दुपारी दिलीप शुद्धीवर आला. मी बोलत होते आणि तो माझ्या ओठांकडे बघत होता. "जोरानं बोल," म्हणाला. डावा कान गेला होता. मी रडून घेतलं आणि मग त्याच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, कोणाबरोबर जेवलास?

"उष्टं कोनाचंच नाई. मशीनवरचा नामदेव अन् मी खर्रा तेवढा खात होतो."

"एका पन्नीतून?"

"मंग? खर्रा काऊन उष्टा राह्यते?"

तो खोटं बोलत नव्हता. पाण्याचा गडवा तोंडाला लावू न देणाऱ्या सासूबाईसुद्धा खर्रा उष्टा धरत नाहीत. तंबाखू-सुपारी-चुना घोटलेल्या खर्र्याची ती प्लॅस्टिकची पन्नी दिवसभर दोघांत फिरते. बोटं तोंडात, मग पन्नीत, परत तोंडात.

नामदेवला तर ती कुचकामी गोळीही मिळाली नव्हती. तो आलापल्लीच्या पुढे बहिणीकडे गेला होता आणि फोन लागत नव्हता. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत तोच नंबर दाबत राहिले. शेवटी आलापल्लीच्या एका ओळखीच्या दुकानदाराने माणूस पाठवला. संध्याकाळी नामदेवचा फोन आला.

"वहिनी, जरा डोकं दुखून राह्यलं. झोपतो, उद्या पाहू."

"झोपू नको, नामदेवभाऊ," मी म्हणाले. "आत्ता निघ. दिलीपचा एक कान गेला."

तो निघाला. वाटेतच ताप चढला. पण तिकडच्या जवळच्या दवाखान्यात पोचला, डॉक्टरबाईंनी तिथे फोन करून औषध सांगितलं आणि तो वाचला. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

अजून मुलीचं अंग कोमट लागलं तरी मी तिला हनुवटी छातीला टेकवून दाखवायला लावते. ती वैतागते. वैतागू दे.

परवा नामदेव घरी आला. सवयीने पन्नी काढली, दिलीपपुढे धरली आणि तशीच खिशात परत ठेवली. मग नेहमीसारखा त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलत राहिला. दिलीप समोर बघत होता. थोड्या वेळाने नामदेव उठला आणि उजवीकडे जाऊन बसला.