शुगरच्या परीक्षेला बसलेले नाना

"मॅडम, पहिला नंबर माझा. आठवडाभर भाताचं शीतसुद्धा तोंडात घातलेलं नाही. यंदा रिपोर्ट नॉर्मलच येणार!"

बुधवार पेठेतल्या माझ्या लॅबमध्ये सकाळी सकाळी नानांनी ही घोषणा केली, तेव्हा पंखा फुल स्पीडवर होता आणि त्यांना घाम फुटला होता. नाना निवृत्त हेडमास्तर. 'आदल्या रात्री घोकून काही होत नाही' हे त्यांनी मुलांना जन्मभर सुनावलं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनने शुगर करून आणायला सांगितली आणि स्वतः घोकायला बसले. शुगर जास्त निघाली तर ऑपरेशन पुढे जाणार होतं. महिन्याभरावर नातीचं लग्न. ते त्यांना धड डोळ्यांनी बघायचं होतं.

"रात्री काय जेवलात?" मी विचारलं.

"जेवतोय कशाला? कारल्याचा रस घेतला."

"आणि सकाळी?"

"शुगरची गोळी. एकाऐवजी दोन. रिस्क नको."

रिस्क नको म्हणणाऱ्याचे हात थरथरत होते. मी आधी बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटर लावला. अठ्ठेचाळीस.

"वा! शंभरच्या आत हवी ना? टाका रिपोर्टवर," नाना पुटपुटले आणि खुर्चीतच कलंडले.

साखर एवढी उतरली की मेंदू उपाशी राहतो. माणूस बेशुद्ध होतो, दगावूही शकतो. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजता आलं. खरं सांगते, मी घाबरले होते. पाव तासाने आकडा वर आला आणि नानांनी डोळे उघडले.

"मॅडम, ग्लुकोज पाजलंत? आता रिपोर्ट बिघडणार!"

"अहो, रिपोर्ट छान आला असता," शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, डोळे पुसत म्हणाल्या, "घ्यायला मला एकटीला यावं लागलं असतं!"



मग मी समजावलं. फास्टिंग म्हणजे उपासमार नव्हे. रात्री नेहमीसारखं जेवायचं, मग आठ-दहा तास पोट रिकामं. पाणी चालतं, चहा नाही, 'बिनसाखरेचा, अगदी अर्धा कप' तोही नाही. शुगरची गोळी डॉक्टर सांगतील तशी, बहुधा रक्त दिल्यावर नाश्त्याच्या वेळी. जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी, आणि जेवण रोजचंच.

"शिवाय एचबीएवनसी आहेच," मी म्हटलं. "ती गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला आठवड्याचं पथ्य कळत नाही."

"म्हणजे गणपतीतले मोदकही?"

"मोदकही."

काकूंनी फक्त नानांकडे पाहिलं. ती टेस्ट उपाशीपोटी करावी लागत नाही, म्हणून रक्त तेव्हाच घेतलं. साडेनऊ टक्के आली, सातच्या आसपास हवी. झाकली मूठ उघडली. सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं. नातीचं लग्न नानांनी धुरकट डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या अक्षता म्हणे भटजींवर पडल्या. काकूंनी हे हसत सांगितलं, मला मात्र हसू आलं नाही.

पुढे तीन महिने नाना सरळ वागले. गोळी वेळेवर, जेवण बेताचं, रोज सारसबागेपर्यंत फेरी. शुगर आटोक्यात आली, ऑपरेशन झालं. मग एक दिवस पेढे घेऊन आले. पेढे माझ्यासाठी, हे त्यांनी दारातूनच सांगितलं. काळा चष्मा कपाळावर चढवून ते भिंतीपाशी थांबले.

"'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊन येऊ नये.' ही पाटी तेव्हाही होती?"

"होती."

"मोतीबिंदूवाल्यांसाठी एवढं बारीक अक्षर! धन्य आहे, मॅडम."

बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी दाराएवढी पाटी लावली: 'ही परीक्षा नाही. रोज खाता तसंच खाऊन या.'

काल एका गृहस्थांनी ती मोठ्याने, शेवटपर्यंत वाचली. मग आत येऊन, आवाज खाली आणून मला म्हणाले, "मॅडम, आठवडाभर गोड बंद ठेवलंय हं."